न फोडलेल्या ढेपेचे लाडू

उंद्रीत आमच्या शेजारी राहणाऱ्या जैनबमावशी नसत्या, तर माझी नणंद शकू अजून बिनलग्नाची असती आणि कारण विचारल्यावर सगळ्या गल्लीने माझ्याकडे बोट दाखवलं असतं. हे आधीच सांगून टाकते. पुढच्या हकिकतीत माझं इतकं हसं आहे, की हसता हसता मावशींचं नाव राहून जायचं.

मी मूळची रत्नागिरीकडची. सहावीत शाळा सुटली (मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर माहेरी अजून दोन मतं आहेत). पुढे महाराष्ट्र एक झाला, एस.टी. सगळीकडे धावू लागली आणि उंद्रीचा एक ड्रायव्हर आमच्याकडच्या डेपोत आला. त्याच्याशी माझं लग्न लागलं आणि अक्षता वाळायच्या आत त्याची बदली परत गावाजवळच्या चिखलीला झाली. माहेर इतकं लांब पडलं, की रुसून जायचं तर गाड्या बदलत बदलत जावं लागणार, आणि तेवढा वेळ माझा राग टिकत नाही. म्हणून मी रुसायचं सोडून दिलं आणि सासरी कोणी काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं ठरवलं. घोटाळ्याचं मूळ तिथे आहे.

नागपंचमीची सकाळ होती. आमचे 'हे' ड्यूटीवर. घरात सासूबाई, मामंजी, शकू आणि मी. सासूबाईंच्या घरी हा दिवस फार कडक. विळी झाकून ठेवायची, चाकू दिसता कामा नये, काही चिरायचं नाही, कुटायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. पातेलं चालतं. (पातेल्याने नागोबाचं काय भलं केलंय, हे मी अजून विचारलेलं नाही.) भिंतीवर गेरूचा नाग काढला होता. पुढ्यात ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, दूध. चुलीवर गव्हाची खीर रटरटत होती. सगळं आबादीआबाद होतं.

तेवढ्यात पहिल्या गाडीच्या कंडक्टरने रस्त्यावरूनच हाक मारून निरोप दिला. डोणगावचे रामरावजी खामगावला निघालेत, दुपारी उंद्रीला उतरून शकूला पाहून जाणार. मुलाने आधीच होकार कळवलाय. आता सगळं या बापावर.

सासूबाईंचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला, कारण कंडक्टर जाता जाता म्हणाला, "आन हो, त्यायले गव्हाचं चालत नाई बरं. डॉक्टरनं बंद केलं. एक घास खाल्ला तरी पोट नगाऱ्यावानी होते म्हने."

आम्ही चौघांनी खिरीकडे पाहिलं. खीर रटरटत राहिली.

"आता गोड काय देऊ मानसाले?" सासूबाई म्हणाल्या. शकूची याआधी दोन स्थळं आली आणि गेली होती. एकाला तिची उंची जास्त वाटली, दुसऱ्याला आमचं घर कमी वाटलं. तिसरं गोडावाचून जाऊ द्यायची कोणाचीच तयारी नव्हती.

"लाह्यांचे लाडू करू," मी म्हणाले.

"येतेत तुले?"

"हो."

मला येत नव्हते. ज्वारीच्या लाह्या मी मुळात सासरी येऊनच पाहिल्या. पण लाह्या आहेत, फुटाणे आहेत, गुळाचा पाक केला की झालं, तवा नको, कढई नको, गहू नको. इतकं सोपं काम कोणाला येणार नाही?

गूळ काढायला कोठीत गेले आणि सोपं काम तिथेच संपलं. फोडलेला गूळ सगळा खिरीत गेलेला. उरली होती नवी कोरी ढेप. बादलीएवढी, गोल, आणि दगडाला लाज आणील अशी.

"फोडायचा नाई," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

"मग दुकानातून आणू?"

"दुकानदार काय ख्रिस्ताव हाय? त्यानंही आज सुरी उचलली नाई."

"दाताने तोडला तर?" शकूने विचारलं.

"दातानं तोडनं म्हंजे तोडनंच."

"मंग जेवतानी आपन काय करतो?" मामंजी म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते भिंतीवरच्या नागोबाकडे पाहू लागले.

मी म्हटलं, ढेपेवर उकळतं पाणी ओतू. ओतलं. परातीत गुळाचं छान पिवळं पाणी जमलं, ढेप मात्र आंघोळ करून जास्तच तकतकीत दिसू लागली. त्या पाण्यात मी निम्म्या लाह्या घातल्या. लाह्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि जे तयार झालं, त्याला लाडू म्हणायला वासरूसुद्धा तयार झालं नसतं. (ते त्यानेच खाल्लं. काही म्हणालं नाही.)

मग मामंजी पुढे सरसावले. त्यांनी एकदा बुलडाण्याच्या कोर्टात साक्ष दिली होती. तेव्हापासून ते स्वतःला निम्मा वकील समजतात.

"हे पाय," ते सासूबाईंना म्हणाले, "आपन फोडायचं नाई. पन ढेप आपल्या मनानं पडली आन फुटली, तं त्याले फोडलं म्हनत नाईत. झाडावरचं बोर खाली पडून फुटलं तं थे आपन फोडलं काय?"

"ढेप झाडाले लागत नाई."

"म्हनून धाब्यावर ठेवू. काठाले. वारा हाय. पडन."

"अन् नाई पडली तं?"

"तं नागोबाची मर्जी."

सासूबाईंनी बराच विचार केला आणि मान डोलावली. मामंजींचे गुडघे धरलेले, शकूला नवी साडी नेसवलेली. शिडीवर चढायला राहिलं कोण? मी 'हो' म्हणाले.

ढेप पोत्यात बांधून आम्ही दोरीने वर ओढली. आमचं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. श्रावणाच्या भुरभुरीने माती लोण्यासारखी झालेली. मी ढेप काठावर ठेवली आणि शेजारी उकिडवी बसून वाऱ्याची वाट पाहू लागले. वारा होता, पण तो पदर उडवण्यापुरता. ढेपेला त्याची दखल नव्हती.

"ढकलजो नको बरं," खालून सासूबाई.

"नाही ढकलत."

"वहिनी, ढकलू नको," शकू हळूच म्हणाली, "फक्त तिले जागा करून दे."

मी जागा करून द्यायला सरकले. पाय घसरला. मी पन्हाळीला मिठी मारली आणि दोन्ही पाय खाली सोडून धाब्याच्या काठावर बसले. ढेपेला मिठी मारायला काही नव्हतं. ती गेली.

धाडकन आवाज झाला. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. फुटली नाही. उलट आपल्या वाटोळेपणाची आठवण झाल्यासारखी पोत्यासकट कलंडली आणि गल्लीच्या उताराने एस.टी.च्या थांब्याकडे निघाली. मामंजी गुडघे विसरून मागे धावले.

"आडवा, आडवा," ते ओरडत होते. कोणाला, ते सांगत नव्हते.

समोरून धोतर सावरत, छत्री टेकत एक किडकिडीत गृहस्थ येत होते. त्यांनी गुरगुरत येणारं पोतं पाहिलं, आत डुकराचं पिल्लू असावं असा समज करून घेतला आणि छत्रीचा एक सणसणीत तडाखा दिला. छत्री मोडली. ढेप त्यांच्या पायाशी येऊन शहाण्यासारखी थांबली.

"रामरावजी?" मामंजींनी धापा टाकत विचारलं.

"हाव," पाहुणे म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली. धाब्यावरून लोंबकळणारे माझे दोन पाय, त्यात जोडवी. "पोरगी हेच काय?"

"नाई नाई. थे सून हाय."

"मंग वर काऊन बसली?"

मामंजींनी कोर्टातला अनुभव पणाला लावला. "कोकनातली हाय. तिकडं डोंगर असतेत."

"हां," रामरावजी म्हणाले. त्यांना पटलं. मला अजून पटलेलं नाही.

पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, बाज टाकली. मी शिडीवरून उतरले आणि मागच्या अंगणात, मामंजींनी परत आणून टाकलेल्या ढेपेशेजारी बसून रडायला लागले. लाडू नाहीत, पाहुणा दारात, छत्री मोडलेली. सासूबाई म्हणतील, हिला परत पाठवा. आणि गाड्या किती बदलाव्या लागतात ते मी सांगितलंच आहे.

भिंतीपलीकडून जैनबमावशींचं डोकं वर आलं. सकाळपासूनचा तमाशा त्यांनी सगळा पाहिला होता.

"काऊन रडते, बहू?"

मी सांगितलं.

"अगं, मंग मले सांगाले काय झालं होतं? माह्या घरी कायचा नागोबा?" त्यांनी पोतं उचलून पलीकडे घेतलं. एवढी सरळ गोष्ट तीन माणसांना आणि एका निम्म्या वकिलाला सुचली नव्हती.

थोड्याच वेळात पलीकडून मुसळाचा आवाज सुरू झाला. धप. धप. सासूबाईंनी तो ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बैठकीत गेल्या आणि पाहुण्यांना डोणगावच्या पावसापाण्याबद्दल इतक्या मोठ्याने विचारू लागल्या, की रामरावजी जरा मागे सरले.

मावशींनी परात भिंतीवर ठेवली. फोडलेला गूळ, वर कपडा. मी म्हटलं, "मावशी, पण आमच्या सासूबाईंना हे..."

"तिले सांग, तुमची ढेप माह्या घरी ठेवली. हा माह्या घरचा गूळ हाय. मी कालच फोडला होता." त्या डोळा न मिचकावता म्हणाल्या. "आता पाक जास्त कढवजो नको. हाताले तूप लाव आन गरम हाय तंवरच वळ."

मी तूप लावलं. गरम असतानाच वळलेही. पण पाक जास्त कढला. घाबरलं की मी प्रत्येक गोष्ट जास्तच करते.

लाडवांचं ताट बैठकीत गेलं. शकूने पाहुण्यांना नमस्कार केला. "शकूनं केले बरं," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

रामरावजींनी सदऱ्याची खालची बटणं सोडून पोटाला जागा करून दिली आणि लाडवाचा घास घेतला. कडाड असा आवाज आला. तो लाडवाचा नव्हता.

सगळे त्यांच्या पोटाकडे बघत बसले. मामंजी तर पुढे वाकून. शकू उभी, मी दाराआड. पोट होतं तिथेच राहिलं.

"नाई फुगलं," अखेर रामरावजी म्हणाले. मग जिभेने आत काहीतरी चाचपून पाहिलं. "पन दात हालला."

"लाडू तं सूनबाईनं केले," सासूबाई तत्काळ म्हणाल्या. "शकूनं फक्त ताट आनलं."

"थे वर बसली होती थे?"

"हाव. तेच."

रामरावजींनी लाडू ताटात ठेवला. ठक्कन वाजला. "सून तुमच्याइथंच राहीन ना?"

"म्हंजे काय. जाईन कुठं?"

"मंग आमची काई हरकत नाई," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय."

अशी माझी नणंद उजवली. तिच्या सासरी अजून सांगतात, की लग्न माझ्यामुळे जमलं, आणि ते खोटं नाही. पण मला आजही सासरी जागा आहे ती जैनबमावशींमुळे, आणि हे मी एक ना एक दिवस फेडणार आहे. गेल्या आठवड्यात त्यांना तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, मावशी, तुमचं हे मी फेडणार.

"फेड ना," त्या म्हणाल्या. "पन खायाचं काई करून आनजो नको."

त्यामुळे सध्या मला दुसरं काय येतं याचा तपास चालू आहे. काही सापडलं, की पहिलं त्यांच्याकडेच नेणार.