महाकाय की महाभार

मुलांच्या एका मासिकासाठी मी खगोलशास्त्रावरचे लेख मराठीत लिहिते. लेख पाठवण्याआधी पिंगळीच्या ताईला फोनवर वाचून दाखवायचे. ताई माझी थोरली बहीण, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आकाशातलं तिला फारसं कळायचं नाही, पण शब्द चुकला की लगेच अडवायची.

एकदा ‘सुपरमॅसिव्ह’ला मी ‘महाकाय’ लिहिलं. महाकाय कृष्णविवर.

“काया म्हंजे अंग,” ताई म्हणाली. “ह्याचं अंग लय मोठं हाय का?”

“अंग नाही गं, वस्तुमान. लाखो, कोट्यवधी सूर्यांइतकं. तेही त्या मानानं एवढ्याशा जागेत कोंबलेलं.”

“मग महाकाय कशाला लिहायलीस? लेकरांना वाटंल, राक्षसच बसलाय कुणी. महाभार लिही.”

मला शब्द आवडला. संपादकांना नाही. रूढ आहे तोच ठेवा, म्हणाले. मी ठेवला. अंक हातात पडल्यावर ताई रागावली नाही. उलट म्हणाली, “आपण दोघी एक पुस्तकच करू की. आकाशातले शब्द, लेकरांसाठी. तू अर्थ सांग, मी शब्द हुडकते.”

मी परभणीत राहते, तिथून पिंगळी काही लांब नाही. तरी बसणं झालंच नाही. आधी माझी परीक्षेची कामं, मग तिच्या सुनेचं बाळंतपण, मग कापसाची वेचणी. “होईल की, घाई काय,” असं दोघीही म्हणत राहिलो.

मग ताईला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, बोलणं मात्र गेलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की “खिडकी” म्हणते, आणि चुकलं हे कळून स्वतःवरच चिडते.

मागच्या महिन्यात पिंगळीला जाऊन तिला नवा लेख वाचून दाखवला. ‘महाकाय’ येताच तिनं डावा हात जोरात हलवला. ओठ जुळवले. “म... मा...” पुढं काही येईना. मीच विचारलं, “महाभार?” तिनं डोळे मिटले. होकार होता की दमली होती, कळलं नाही.

या खेपेला संपादकांशी भांडून मी तिचाच शब्द ठेवला. पुढच्या शब्दांसाठी मात्र माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. जे सुचतं ते लिहिते आणि पाठवून देते.

त्या दिवशी पिंगळीहून निघताना ताईच्या सुनेनं विचारलं होतं, “परत कधी येताव, मावशी?”

आता दर रविवारी जाते. ती बोलत होती, तेव्हाच हे जमवायला हवं होतं.