बैल न जुंपलेली मोटार

आमच्या मोटारीला आमच्या गावचे, जऊळक्याचे लोक चूल म्हणत. म्हणोत बापडे. त्या चुलीत बसून मी जिथं गेले, तिथं त्यांच्यापैकी एकाचीही बायको आपल्या मनानं गेली नव्हती, एवढं मी आजही त्यांना तोंडावर ऐकवीन.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि आमच्यासारख्यांना ते कुपनही मिळायचं नाही. आमचे हे कापसाच्या जिनात इंजिनावर कामाला होते. जिनच्या मालकाची एक जुनी मोटार पेट्रोलावाचून छपरीत पडून होती. कोंबड्या तिच्या गादीवर अंडी घालत. ती ह्यांनी घेतली आणि घरी आणली बैल जुंपून. पुढं आमचीच बैलजोडी, मागं मोटार, आणि आत चाक धरून ताठ बसलेले हे. सासरे ओट्यावर बसून पाहत होते. मी त्यांना मामाजी म्हणे. ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "शोभते. आता जोडी सोडूच नोको."

हे वाक्य ह्यांना लागलं, आणि मलाही लागलं. वाशीमला एक मुसलमान मिस्त्री होता. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींना कोळशाच्या वायूवर चालवण्याची टाकी बसवायचं काम त्यानं शिकून घेतलं होतं. त्यानं आमच्याही मोटारीच्या पाठीमागं तशी टाकी बसवून दिली. छातीएवढं लोखंडी पिंप, खाली विस्तवाची जागा, तिथून निघालेल्या नळ्या आणि मधे काजळी अडवायचा गाळणीचा डबा. कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, आणि नळीच्या तोंडाशी निळसर ज्योत धरली की इंजिन चालू करायचं. ह्यांना इंजिनाची नस न नस ठाऊक, पण विस्तव कशाशी खातात हे माहीत नाही. ओला कोळसा घालायचे, मोठाले खांड घालायचे, राख तशीच ठेवायचे, आणि मग टाकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. चार दिवस मी दारातून पाहिलं. पाचव्या दिवशी पदर खोचला आणि म्हटलं, "व्हा बाजूला."

कोळसा उन्हात वाळवला, सुपारीएवढा फोडला, राख झाडली. मोटार चालली. गल्ली पोट धरून हसली, की घरची बाई आता मोटारीची चूल फुंकते. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण मोटार चालली होती.

हे बोलायला लागले की थांबत नसत. "पेट्रोल संपलं म्हनून गाडी संपते काय? विलायतेत इजेवर चालनाऱ्या मोटारी हायेत, पेपरात आलं व्हतं. उद्या घरोघरी मोटार राहीन, कायच्यावरही चालन." मामाजी पानाचा देठ खुडत म्हणत, "इज त येऊ दे आंधी गावात." बापलेकांचं हे रोजचं चाले. मी आत भाकरी थापत ऐकत असे. गाडी कशावर चालते याचं मला फारसं पडलं नव्हतं. ती कोणाला विचारून निघते, एवढंच मला विचारायचं होतं.

कारण मला निघता येत नव्हतं.

आमच्याकडं सासुरवाशीण आपल्या पायानं माहेरी जात नाही. माहेरचा कोणी, बहुतेक भाऊ, तिला न्यायला येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की सासरचे मग दिवस पाहणार, शिदोरी बांधून देणार आणि तिला त्याच्यासोबत धाडणार. मुऱ्हाळी नाही तर माहेर नाही. माझं माहेर रिसोडच्या अलीकडचं एक खेडं. माझ्या भावाच्या लग्नात मामाजींच्या आधी दुसऱ्याच कुणा पाहुण्याला टिळा लागला. झालं! मामाजी जेवणाच्या पंगतीतून उठले. म्हणाले, भाऊ स्वतः येऊन पाया पडेल तेव्हा सून माहेरी जाईल. तिकडं भाऊही त्याच मातीचा. म्हणाला, चुकून झालं त्याची माफी लग्नातच मागितली, आता पाया कायले पडू? दोघांनीही आपापला मान छान सांभाळला. दिवाळ्या आल्या, दिवाळ्या गेल्या. दोन पुरुषांच्या कपाळावरच्या कुंकवापायी मी माझ्या आईचं तोंड पाहिलं नव्हतं.

माणसं न्यायची बैलांची दमणी होती आमच्याकडं, चांगली हलकी, पण बैल मामाजींचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय गडी दावं सोडत नसे.

अशात रिसोडच्या बाजाराहून आलेल्या एका बाईनं निरोप आणला की तुझ्या आईला दिसेनासं होत चाललंय. एका डोळ्यानं तर काहीच नाही, दुसऱ्यानं अजून माणूस ओळखते, पण किती दिवस ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी भाकऱ्या करपवल्या. तिला मी दिसेन तोवर मला तिच्यासमोर उभं राहायचं होतं. आंधळी झाल्यावर भाऊ येऊन पाया पडला काय आणि न पडला काय!

ह्यांनी मामाजींना विचारलं. मामाजींच्या ओट्यावर तेव्हा गावातली माणसं बसली होती, म्हणून त्यांना चेव आला. "न्यायची हाय? ने ना तुह्या चुलीत. पन सांगून ठेवतो, रस्त्यात बैलच लावा लागतीन तिले. बैल न लावता ते माहेरी जाऊन वापस आली, तं पुढं सून वाटन तवा जाईन, मी तोंड उघडनार न्हाई."

लोक हसले. मी आत तांदूळ पाखडत होते. सूप तसंच हातात घेऊन उंबऱ्यात आले. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर आमच्याकडं सुना बोलत नसत. मी बोलले.

"मामाजी, पाच लोकाईसमोर बोल्ले तुमी. मी धरला हा शबद."

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही, सुपाकडं पाहिलं. मग म्हणाले, "धर."

दोन पोती कोळसा, पाण्याचा डबा, भाकरी आणि आईसाठी तिळाचे लाडू घेऊन आम्ही सकाळी निघालो. कोळशावर मोटारीची ताकद निम्मी होते. सपाटीला सायकलवाला बरोबरीनं चालायचा आणि वर तब्येत विचारायचा. मालेगावला पोरं मागं धावली. मी दर काही कोसांनी उतरून विस्तव ढोसायची, कोळसा घालायची, गाळणी झटकायची. लुगडं, हात, तोंड, सगळं काळं झालं. पण चाकं फिरत होती आणि कोणाची परवानगी लागत नव्हती. एवढं सुख मला लग्नाच्या वरातीतही झालं नव्हतं.

माझ्या माहेरचं गाव उंच पांढरीच्या टेकाडावर आहे. गावात शिरायचं तर शेवटी एक खडा चढ चढावा लागतो. त्या चढाच्या मध्यावर मोटार ठसकली आणि हिसके देत बंद पडली. मी चाकामागं दगड लावले. गाळणी साफ केली, नवा कोळसा घातला, ह्यांनी पुन्हा इंजिन चालू केलं. हातभर गेली आणि पुन्हा बंद. वर आमच्या गावातल्या कडुलिंबाचा शेंडा दिसत होता.

तेवढ्यात शेतातून घरी निघालेला एक म्हातारा बैलजोडी घेऊन आला. भला माणूस. काही न विचारता त्यानं दोर सोडायला घेतला. "सरक बाई. जोडी लावतो, दोन मिनटात वर."

मी बैल आणि मोटार यांच्यामधे जाऊन उभी राहिले. "बैल न्हाई लावाचा, बाबा."

"काहून वं? फुकट लावून राह्यलो."

"फुकट न्हाई तो."

म्हातारा ह्यांच्याकडं पाहायला लागला, की बाईला काही झालंय का. हे घामानं थबथबले होते. खालच्या आवाजात मला म्हणाले, "लावू दे. इथं कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली न," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. वर चालत गेले असते तर आई हाकेच्या अंतरावर होती. पण मग पुढच्या वेळी काय? पुढच्या वेळी पुन्हा दोन पुरुषांच्या कपाळांकडं बघत बसायचं? मला आज फक्त पोचायचं नव्हतं, मला पुढंही येत राहायचं होतं.

हे थोडा वेळ चाकावर डोकं टेकून बसले. मग एकदम उठले. वाशीमच्या मिस्त्रीनं सांगितलेलं त्यांना आठवलं, की चढ खाईना तर मोटार फिरवून उलटी घाला, मागं जायच्या गेरात सगळ्यांत जास्त जोर असतो. आम्ही मोटार हळूहळू खाली सोडली, सपाटीवर फिरवली. आता तिचं तोंड जऊळक्याकडं आणि पाठ माझ्या माहेराकडं. ह्यांना मागचं काही दिसेना, टाकी आड येत होती. मग मी टाकीच्या पुढं चालायला लागले. हात वर करून "डावीकडं घ्या, आता सरळ, सरळ" असं ओरडत, उलट्या पावलांनी, चढ चढत गेले. माझ्या रोखानं धूर सोडत, गुरगुरत मोटार आली. ठसकली, पण थांबली नाही. म्हातारा जोडी धरून शेवटपर्यंत मागून आला, लागलीच तर असावी म्हणून. लागली नाही.

अशी मी माहेरी पोचले. गाव गोळा झालं. कुत्री भुंकत होती. भाऊ पारावरून उठून आला आणि मोटारीला एक चक्कर मारून परत माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या बाजूनं घरात गेले.

आई खाटेवर होती. गलक्यानं उठून बसलेली. "कोन हाय?"

"मी हाय, माय."

तिनं हात पुढं केला. मग मान तिरपी करून चांगल्या डोळ्यानं पाहत राहिली. किती वेळ कोण जाणे.

"काळी झाली वं बाई," ती म्हणाली.

काजळी दिसली तिला! म्हणजे मी दिसले. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि तिचं लुगडंही काळं केलं.

तिनं पुढचा प्रश्न विचारला तो मात्र जुनाच. "मुऱ्हाळी कोन आला व्हता?"

"कोनी न्हाई. मी माह्या मनानं आली."

भाऊ दारात उभा होता. "मले निरोप तरी धाडाचा," तो पुटपुटला. मी म्हटलं, "धाडला असता तं तू आला असता?" तो खाली मान घालून विहिरीकडं निघून गेला आणि मला आंघोळीला पाणी ओढून ठेवलं. आमच्याकडं माफी अशीच मागतात.

सकाळी मी कोळसा फोडायला बाहेर आले तर आई मोटारीला टेकून उभी. धुतलेलं लुगडं, काखेत बोचकं. मला वाटलं, माझ्यासाठी काही बांधलंय.

"मले कामरगावले ने," ती म्हणाली.

कामरगाव तिचं माहेर. कारंज्याच्या पलीकडं, तिथून पार दुसऱ्या टोकाला. भाऊ धावत आला. "माय, तिथं कोन हाय तुह्यं आता? कोन आलं तुले न्यायले?"

"कोनी येनार न्हाई, म्हनून त," आई म्हणाली. "माहा भाऊ गेला तवापासून मुऱ्हाळी न्हाई आला. म्हनलं, भाचे येतीन. वाट पाहून राह्यली व्हती. आता डोये चालले. माह्या बापाची विहीर पाहाची हाय मले, दिसते तोवर."

तिचा भाऊ गेला तेव्हा मी परकरात होते. तेव्हापासून ही बाई वाट पाहत होती, आमच्या घरात, आमच्यासमोर, आणि आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. मला माझ्या थोड्या दिवाळ्यांचं केवढं वाटत होतं!

मी ह्यांच्याकडं पाहिलं. जिनातली रजा एकाच दिवसाची होती, ती कालच संपली होती. हे म्हणाले, "कोळसा पुरनार न्हाई." म्हणजे जायला तयार होते. भाऊ लोहाराच्या भट्टीवर गेला आणि कोळशाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आला. त्याचा पांढरा सदरा काळा झाला.

मामाजींनी पुढं आपला शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी मोटारीच्या पुढच्या दांडीवर दोराचा वळ आहे का ते बोट फिरवून पाहिलं, आणि नंतर मी कधी निघाले, कुठं निघाले, हे एकदाही विचारलं नाही. हट्टी, पण शब्दाचा माणूस.

कामरगावला निघालो त्या दिवशी आई पुढं बसली, ह्यांच्या शेजारी, जावयासमोर डोक्यावरचा पदर सारखा सावरत. मी मागं, टाकीच्या राखेजवळ. वाशीम गेलं, मंगरूळ गेलं. ती वळणावळणावर झाडं ओळखत होती, काही खरी, काही खोटी. कारंजा मागं पडल्यावर तिला एक घोर लागला.

"तिथं लोक इचारतीन," ती म्हणाली. "कोनासंगं आली, म्हनतीन. काय सांगू?"

"सांग, लेकीसंगं आली."

तिनं विचार केला. कामरगावची पहिली घरं दिसायला लागली होती. तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि पाठ सरळ करून बसली.

"न्हाई," आई म्हणाली. "मी आली, असंच सांगीन."