फौजीच्या झोपेसाठी जागल

आमच्या गावात फौजीने घाबरायचं नसतं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. फौजीला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईतून माझा नवरा धडधाकट परत आला. हातपाय जागेवर, अंगावर ओरखडा नाही. सगळं गाव बघून गेलं. रात्री मात्र तो ओरडत उठायचा, खाटेखाली शिरायचा, घामाने बंडी भिजायची. सकाळी चहा पिताना खाली मान घालून विचारायचा, “रात्री ओरडलो काय मी?” मी कधी खरं सांगायची, कधी खोटं.

दोन वर्षं सासूबाईंनी अंगारे-धुपारे केले. कोंबडे गेले, एक बोकड गेला, ओरडणं काही गेलं नाही. शेवटी मी त्याला भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर त्याला वेडा म्हणाले नाहीत, त्यानेच मला अर्धं बरं वाटलं. लढाईवरून आलेल्या पुष्कळांना असं होतं, म्हणाले. रात्री जेवल्यावर एक गोळी. त्यावर मोहाची दारू घ्यायची नाही आणि आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. एकदम सोडली तर त्रास वाढेल.

गोळी लागू पडली. स्वप्नं पुरती गेली नाहीत, पण आठवड्यातल्या चार-पाच रात्री तो सरळ झोपू लागला. दिवसा धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, हसताना दिसू लागला.

मग धान लोंबीवर आलं. आंबागडच्या डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत बांधी साफ करायची. म्हणून गावात जागलीची रीत होती. दर रात्री दोन घरांनी एकेक माणूस मचाणावर पाठवायचा. त्यांनी रातभर जागायचं, रॉकेलचा रिकामा डबा बडवायचा, फटाके फोडायचे.

आमचा नंबर जवळ आला तसा नवरा म्हणाला, “फौजी मचाणावर घोरला तं लोक हासतीन.” आणि तीन दिवस आधीपासून त्याने गोळी सोडली. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, तरी मी गप्प बसले. गावाच्या हसण्याला मीही भ्याले. ती चूक माझीसुद्धा आहे.

जागलीच्या रात्री सोबत्याने त्याच्या कानाशी फटाका फोडला. फौजीने सोबत्याला धरून मचाणावरून खाली उडी घेतली आणि चिखलात दाबून ठेवलं. त्याला वाचवायला, असं तो पुढे कितीदा तरी सांगत राहिला. सोबत्याचा हात मोडला.

सकाळी गावचे म्हातारे पुढारी आमच्या अंगणात आले. “गोळ्यायनं पागल केलं त्याले. बंद करा. फौजी माणूस गोळी खाऊन झोपते काय? अना तुमच्या घरची जागल कोण करंल?”

ते गेले आणि सासूबाईंनी गोळ्यांची पुडी चुलीत टाकली. एवढी चीड मला जन्मात आली नव्हती. मी भांडले नाही. तशीच निघाले, मोहाडीवरून बस धरली आणि भंडाऱ्याहून नवी पुडी घेऊन आले. येताना थेट पुढाऱ्यांच्या ओसरीवर गेले. तिथे सात-आठ माणसं बसली होती.

“गोळ्या बंद होणार नाहीत,” मी म्हटलं. “आमच्या घरची जागल मी करीन.”

“बाईमाणूस मचाणावर?” पुढाऱ्यांनी विचारलं.

“डुकराले काय समजते, डबा बाई बडवून राहिली का माणूस?”

कोणीतरी फस्सकन हसलं. हसणाऱ्याकडे पुढाऱ्यांनी रागाने पाहिलं, पण मला अडवलं नाही. पुढचा नंबर आला तेव्हा मी नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवली, सासूबाईंच्या देखत. तो पाणी पिईपर्यंत हलले नाही. “आज तुमची ड्युटी झोपायची हाये,” म्हटलं, आणि डबा उचलला.

सोबत हात मोडलेल्या माणसाची बायको आली. वाटभर तिने माझा उद्धार केला. मचाणावर मात्र डबा तिनेच जास्त जोरात बडवला. फटाका आम्ही एकही फोडला नाही. डुकरं बांधीत शिरली नाहीत.

सकाळी घरी आले तर नवरा खाटेवर चहा पीत बसलेला. “रात्री ओरडलो काय मी?”

“मी कुठं होती घरी? आत्याबाईले विचारा.”

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीशी होत्या. डोळे तांबारलेले. रातभर त्याच्या उशाशी बसल्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकदा कण्हला. मंग झोपला. लहानपणी झोपे तसा.” पदराच्या गाठीत त्यांनी गोळ्यांची पुडी बांधली होती. ती चाचपत म्हणाल्या, “हे आता मीच ठेवतो. कोणी चुलीत टाकाले नोको.”

“कोणी मंजे कोण जी?” मी विचारलंच.

त्यांनी पदराची गाठ आणखी घट्ट आवळली. त्या दिवसापासून जेवणं झाली की गाठ सोडून त्याच्या हातावर गोळी त्याच ठेवायच्या, आणि आमचा नंबर असला की डबा माझ्या हातात द्यायच्या.