मुद्देमालाचे वजन

प्रत्येक अधिकाऱ्याच्या सेवेत असा एक क्षण येतो, की सत्य स्वतःहून समोर उभे राहते आणि वर्दी, हुद्दा, पदके सगळे त्याच्यापुढे फिके पडते. माझ्या सेवेत तो क्षण आला तेव्हा मी एका घोड्याच्या जबड्यात टॉर्च मारून उभा होतो. ती घटना मी अजून विसरलेलो नाही. घोड्याच्या तोंडाचा वासही विसरलेलो नाही.

नावे कोणाचीच देत नाही. घोड्याचेही नाही, कारण तो अजून धंद्यात आहे.

तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवारी आमचे निम्मे काम दरीच्या कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्यांना खाली उतरवण्याचे असे. अशाच एका रविवारी पुण्याहून आलेल्या एक बाई मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन ठाण्यात आल्या. पॉइंटवर फेऱ्या मारणाऱ्या एका घोड्याच्या बरगड्या त्यात लांबूनही मोजता येत होत्या आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या निघाल्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी रीतसर फिर्याद दिली. तोलून-मापून बोलणाऱ्या बाई होत्या, आणि त्यांनी जे पाहिले ते खरेच होते.

घोडा औंढ्याच्या एका वयस्कर गृहस्थांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. थोडे भातखाचर आणि हा एकच घोडा.

संध्याकाळपर्यंत खबरही आली. पॉइंटवर कणीस भाजून विकणारा आमचा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, "सायेब, घोड्याचं खाणं म्हशीला जातंय. आबाची मालकीन पाटी भरभरून म्हशीम्होरं वतती. मी सवता बगितलंय."

आम्ही औंढ्याला गेलो. गोठ्यात शेजारी शेजारी म्हैस आणि घोडा. म्हैस संचलनासाठी पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकत होती. हेतू, साधन आणि साक्षीदार, तिन्ही एका गोठ्यात सापडले. पंचनामा केला. घोडा जप्त केला.

आबांना समोर बसवले.

"आबा, घोड्याला काय घालता?"

"गवत, कडबा, चंदीला हरबरा. लय खातो, सायेब. अंगाला लागत न्हाई."

"आणि म्हशीच्या लागतं?"

"व्हय. आता तिच्या लागतं आन् ह्याच्या न्हाई, त्याला मी काय करू? तिला दम देऊ का?"

उपाशी ठेवणारा प्रत्येक जण 'लय खातो' असेच सांगतो, असे मी तेव्हा मानत असे. जबाब लिहून घेतला आणि आबांना नोटीस देऊन घरी पाठवले. जाताना ते एवढेच म्हणाले, "सायेब, माझ्यावर केस करा. पर घोडा लांब धाडू नगा. त्याच्याबिगर मी पॉइंटवर जाऊन काय करू?"

तो लांब जाण्याची शक्यता खरोखरच होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आश्रयगृहाने त्याला कायमचे ठेवून घेण्याची तयारी कळवली होती. निर्णय न्यायालयाच्या तारखेला होणार होता. तोवर मुद्देमाल आमच्या आवारात, जप्त मोटारसायकलींच्या रांगेशेजारी. मोटारसायकलींना खायला लागत नाही, त्यामुळे हा प्रकार आम्हाला नवीन होता.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाई येऊन तपासून गेल्या. घोड्याने तोंड उघडू दिले नाही. जबडा उघडून धरणारे साधन त्यांच्याकडे नव्हते, ते पुण्याहून मागवायचे ठरले. पण खाण्याबद्दल त्यांनी मला बजावले. "साहेब, खंगलेलं जनावर उपासानं मरतं त्यापेक्षा लवकर दयेनं मरतं. एकदम हरभरा, गूळ, दाणे घातलेत तर पोटशूळ उठेल, खुरं सुजतील, कदाचित उभाच राहणार नाही. नुसतं चांगलं वाळलं गवत. थोडं थोडं, दिवसभर. पाणी, मीठ. चंदीचं, म्हणजे दाण्याचं, नाव माझ्याशिवाय कोणी काढायचं नाही. आणि डोळ्यांनी वजन ठरवू नका, छातीला फीत लावून मोजा."

मी दुसऱ्या दिवशी हजेरीत सर्वांना तंबी दिली. तरी मेसमधून चपात्या यायच्या, कोणी खिशातून गुळाचा खडा काढायचा. गुन्हेगारांना वचकात ठेवणारे लोक घोड्याच्या बाबतीत कायदा मानत नव्हते.

त्यात एक दिवस परिसरातले एक समाजसेवक आले. सोबत फोटोग्राफर, हार, चिक्कीचे खोके, भिजवलेल्या हरभऱ्याची बादली आणि 'अश्वसेवा' असा फलक. फलकावर त्यांचा फोटो घोड्यापेक्षा मोठा होता.

"साहेब, फक्त दोन घास. फोटोपुरते."

"हा मुद्देमाल आहे. मुद्देमालाला हार घालता येत नाही आणि चिक्की चारता येत नाही."

"वरून फोन आला तर?"

"वरून आलेल्या फोनलाही घोड्याचं पोट माहीत नाही. बादली उचला."

बादली गेली. चिक्की राहिली. ती ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांनी संपवली, त्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नव्हती.

असे काही आठवडे गेले. गवत नियमाने पडत होते, टोपली रिकामी होत होती आणि फीत जागची हलत नव्हती. फिर्यादी बाई पुन्हा आल्या, घोड्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "तो आबांकडे असाच होता. तुमच्याकडेही असाच आहे. मग मी आता कोणाविरुद्ध तक्रार देऊ?"

प्रश्न बिनतोड होता. आबांना ज्या तर्काने आरोपी केले त्याच तर्काने आता मी आरोपी होतो.

पोलिसी खाक्याप्रमाणे मी संशयित शोधला. घोड्याची जबाबदारी एका जुन्या हवालदारावर होती. त्याच्या क्वार्टरमागे दोन शेळ्या होत्या, आणि त्या चांगल्या भरलेल्या होत्या.

"गवत कुठं जातं?"

"घोड्याच्या तोंडात, साहेब."

"आणि शेळ्या?"

तो लाल झाला. "चोवीस वर्षं नोकरी झाली माझी. गवताची चोरी लावता? शेळ्या मोकळ्या असतात, आवारात फिरतात, एवढंच. उद्यापासून बांधून घालतो. मग बघा गवत कुठं जातं ते!"

त्याने शेळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घमेले घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि ते माझ्या फाइलींवरच ठेवले. आत गवताचे ओले, चघळून टाकलेले बोळे होते. लिंबाएवढे, अर्धवट चावलेले.

"घोड्याच्या पायाखाली पडलेले, साहेब. तो तोंडात घेतो, चावतो आणि टाकतो. आजवर शेळ्या येऊन खात होत्या. पंचनामा करायचा का?"

म्हणजे पुरावा रोज आमच्यासमोर पडत होता आणि शेळ्या तो रोज नष्ट करत होत्या.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. इतके दिवस रखडलेले साधन दोन दिवसांत पुण्याहून आले. घोड्याला गुंगीचे इंजेक्शन दिले, जबडा उघडून धरला आणि टॉर्च माझ्या हाती आली. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून पात्यासारख्या धारदार झाल्या होत्या. गालांना आतून जखमा. दर घासाला गाल कापला जात होता. भूक होती, गवत होते, पण गिळण्यापर्यंत पोचत नव्हते. डॉक्टरबाईंनी लांब दांड्याची कानस घेऊन दाढा घासायला सुरुवात केली.

आबा आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे मावशी म्हणत, या दोघांना मी बोलावून घेतले होते. घमेल्यातले बोळे बघून मावशी म्हणाल्या, "आगं बया, हे तर रोजचंच! झाडताना पाटीत भरायची आन् म्हशीम्होरं टाकायची. वाया कशाला घालवायचं?"

खबऱ्याची खबर शंभर टक्के खरी होती. घोड्याचे खाणे म्हशीलाच जात होते. फक्त घोड्याच्या तोंडातून जात होते.

आता प्रश्न तारखेचा होता. ती जवळ आली होती. आबांनी मला बाजूला घेतले.

"सायेब, आता त्याला चावता येतंय. हरबरा-गूळ घालू द्या. तारखेला बरगड्या दिसल्या तर माझा घोडा जाईल."

"नाही."

"थोडा."

"आबा, बरगड्या दिसू देत. घोडा उभा दिसला पाहिजे."

ते रोज येऊन आवारात बसू लागले. घोडा गवत खायचा, ते बघायचे. बोळे पडणे थांबले. शेण तपासून जंताचे औषध दिले. मग डॉक्टरबाईंनी मूठभर चंदीला परवानगी दिली, ती मूठसुद्धा भिजवून, दिवसभरात विभागून. आबांची मूठ मोठी म्हणून त्यांनी मावशींची ठरवली. मावशी म्हणाल्या, "आता म्हस वाळणार माझी."

तारखेला बरगड्या दिसतच होत्या. पण फीत चार बोटे सरकली होती आणि घोडा ताठ उभा होता. डॉक्टरांचा अहवाल आणि आमचा अंतिम अहवाल, की गुन्हा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झाला, असे दोन्ही न्यायालयापुढे गेले. फिर्यादी बाई स्वतः हजर राहिल्या आणि घोडा मालकाला देण्यास हरकत नाही असे सांगितले. दाढा नियमित तपासून घेण्याच्या अटीवर बंधपत्र झाले. आबांनी लगाम हातात घेतला, मान हलवली आणि घोडा चालवत औंढ्याच्या रस्त्याला लागले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. पोलीस माणूस सवयीने आधी विचारतो, हे कोणी केले. आधी विचारायला हवे, नेमके काय झाले. पहिल्या प्रश्नाला नेहमी उत्तर मिळते, कारण हाताशी कोणी ना कोणी असतेच. त्याच्या गोठ्यात म्हैस असते किंवा क्वार्टरमागे शेळ्या असतात. दुसऱ्या प्रश्नासाठी तोंड उघडून आत बघावे लागते. हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना अनेकदा सांगितले. करुणा आणि न्याय, दोन्हींना घाई मानवत नाही, असेही सांगितले.

घोडा पुढे चांगला भरला. पॉइंटवर जाता-येता ठाण्याच्या फाटकापाशी तो आपोआप थांबतो आणि गवत मिळाल्याशिवाय हलत नाही. माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने रहदारीस अडथळा केल्याबद्दल आबांवर दोनदा कारवाई केली आहे.