पुराव्याचा रकाना

कचेरीत दोन गोष्टी आपोआप साठतात. एक टाचण्या आणि दुसरे किस्से. टाचण्या निदान केर काढताना सापडतात. किस्से कधी वर येतील काही सांगता येत नाही. परवा सूनबाईने दवाखान्याचा एक फॉर्म माझ्यापुढे ठेवला, त्यात ‘नाते’ आणि ‘पुरावा’ असे दोन रकाने शेजारी शेजारी दिसले आणि मी एकटाच हसत सुटलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. मग तिला बसवून सगळं सांगितलं. आता तुम्ही सापडला आहात!

स्वातंत्र्य मिळून अजून दहा वर्षं व्हायची होती. पिंपरीत तेव्हा सडकेच्या एका अंगाला बाजरी आणि दुसऱ्या अंगाला आमचा नवाकोरा सरकारी कारखाना. कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना सरकारी खर्चाने औषधपाणी मिळेल, अशी योजना निघाली आणि फाटकाशी दोन खोल्यांचा दवाखाना उघडला. एका खोलीत डॉक्टर सामंत आणि कंपाउंडर इसाकभाई. दुसऱ्या खोलीत हेडक्लार्क आपटे आणि मी. मी कुटुंबाची कार्डं लिहायचो. कार्डावर नाव असलं की औषध फुकट आणि मोठं दुखणं निघालं तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. नाव नसलं तर काही नाही.

कार्डाच्या आधी फॉर्म. त्यात चार रकाने: नाव, नाते, वय, पुरावा. आई, वडील, बायको आणि मुलं एवढीच नाती चालायची. पुराव्याचा रकाना रिकामा दिसला की आपटे फॉर्म परत सरकवायचे आणि म्हणायचे, “नियम म्हणजे नियम!” हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा माझं स्वतःचं नाव ऐकलं नसेल.

* * *

पहिल्याच दिवशी भोसरीचे बाबूराव आले. फॉर्मात एकोणीस नावं! चुलते, चुलत्यांच्या सुना, आत्या, आत्याचा दीर.

आपटे म्हणाले, “अहो, एवढी माणसं कुटुंबात येत नाहीत.”

“येत न्हाईत कसं? रोज येत्यात की जेवायला!”

आपट्यांनी समजावायच्या भरात एक चूक केली. म्हणाले, “बाबूराव, सोपं सांगतो. तुमच्या चुलीवर जेवणारी माणसं किती, ते आधी मला सांगा. मग त्यातली नियमात बसणारी मी निवडतो.”

बाबूराव बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी हात खाली टाकून म्हणाले, “सायेब, घरात लगीन हाय. आज सकाळच्याला पासष्ट पानं उठली. समदी लिवू, का वऱ्हाड गेल्यावर येऊ?”

* * *

बायकोचं नाव घालायचं तर लग्नाचा पुरावा हवा. आता त्या काळात लग्नाचा कागद कुणाकडे असणार? लग्न झालं ते गावाने पाहिलं, जेवून गेलं, संपलं.

वाट काढली ती फिटर हणमंताने. तो एक दिवस खांद्यावर पितळी हंडा घेऊनच आला. लग्नात आलेला. गळ्याशी कासाराने ठोकून काढलेली अक्षरं होती: ‘चि. हणमंत व चि. सौ. कां. शेवंता यांस मामाकडून’, खाली तिथी. आपट्यांनी चष्मा सारखा करून दोनदा वाचलं. खोट काढायला जागा नव्हती. मला म्हणाले, “लिहा. पुरावा: पितळी हंडा, नग एक.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमची कचेरी म्हणजे भांड्यांचं दुकान. हंडे, घागरी, परात, एकाने तर पाण्याचा बंब आणला. डॉक्टर सामंत दारातून डोकावून विचारून गेले, “काय हो, मुंज कोणाची?”

चौथ्या दिवशी वेल्डर मारुती हंडा घेऊन आला. मी अक्षरं वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं. हणमंत आणि शेवंता!

“अरे, हा तर हणमंताचा हंडा.”

“व्हय.”

“मग तू का आणलास?”

मारुती अगदी शांतपणे म्हणाला, “माझ्यात पानी भरल्यालं हाय. बायको वतू देईना. त्याचा मोकळा व्हता.”

* * *

आता निवृत्तीचं सांगतो. तो चाकणकडच्या एका वाडीतला, बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. पिंपं लोटायच्या कामावर होता. घरी त्याच्याबरोबर एकच माणूस, सोनाबाई. फॉर्मावर नाव सोनाबाई, नाते चुलती. आपट्यांनी तांबडी रेघ मारली. चुलती नियमात नाही. कार्ड झालं ते त्याच्या एकट्याचं.

सोनाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर सामंतांनी एकदा बिनकार्डाचंच पाहिलं होतं आणि बजावलं होतं की लवकर ऑपरेशन केलं तर दिसेल, टाळलं तर उरलंसुरलंही जाईल. पुण्याची चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीला कार्ड हवं. निवृत्ती रोज पाळीच्या आधी माझ्या खिडकीशी यायचा आणि नुसता उभा राहायचा. मला ते फार लागायचं.

एका रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. म्हातारीला म्हटलं, “मावशी, याला तुम्हीच वाढवलंत. फॉर्मावर मी ‘आई’ लिहितो. कोण विचारतंय?”

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “ह्याची आई धुरपा. माझी धाकली जाऊ. ह्यो बारा दिसांचा असताना गेली बिचारी. तिला जगात दुसरं काय मिळालं? येवढं एक नाव मिळालंय, ह्याची आई म्हनून. त्ये बी मी काढून घिऊ व्हय?”

“पण मावशी, डोळे…”

“डोळं जाऊ देत. तिची जागा मी न्हाई घ्यायची.”

मी चहा पिऊन परत आलो. रस्ताभर त्या म्हातारीचा राग येत होता आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

* * *

बरं, कार्ड मिळालेल्यांची तऱ्हाही ऐका. औषधाला बाटली घरून आणायची असा शिरस्ता होता. आकुर्डीच्या तुकाराम मिस्त्रींचं कार्ड झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते सहकुटुंब हजर. नवरा, बायको, आई-वडील, तीन पोरं. पोरांना तेल लावून भांग पाडलेले, बायको ठेवणीतल्या लुगड्यात आणि प्रत्येकाच्या हातात धुतलेली बाटली!

डॉक्टरांनी विचारलं, “कोणाला काय होतंय?”

“कुनाला काय बी न्हाई.”

“मग आलात कशाला?”

“कारड झालंय न्हवं!”

इसाकभाई फार समजूतदार माणूस. सातही बाटल्यांत त्यांनी पेपरमिंटचं पाणी भरलं, बाहेरून डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं.

आठवड्याने मिस्त्री खूश होऊन आले. “इसाकभाई, लई गुनाचं औषध! लागू पडलं.”

इसाकभाई चक्रावले. “लेकिन मिस्त्री, तुम्हाला तर काही झालंच नव्हतं!”

“त्येच सांगतुया. अजून काय बी झालं न्हाई!”

* * *

सोनाबाईला पटवायचा विडा मग इसाकभाईंनी उचलला. मला म्हणाले, “तुम्हाला बोलता येत नाही राव. म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं, ते मला ठाऊक आहे.” दुपारचा दवाखाना बंद करून सायकलवर टांग मारून गेले.

तासाने परत आले. तोंड पुसत, जरा ओशाळलेले.

“काय झालं?”

“थालीपीठ खाल्लं. दोन.”

“आणि ‘आई’ लिहायचं?”

इसाकभाई स्टुलावर बसले. “मी सगळं समजावलं. तिने सगळं ऐकलं. मग ती बोलली. अब क्या बताऊं, मलाच पटलं!”

* * *

मध्येच आपट्यांची गंमत. आमचीही कार्डं व्हायची होती. आपट्यांनी स्वतःचा फॉर्म सुंदर अक्षरात भरून माझ्या टेबलावर ठेवला. नाव, नाते, वय, सगळं जिथल्या तिथे. बायकोपुढे पुराव्याचा रकाना कोरा!

मी तो परत त्यांच्या टेबलावर ठेवला. बोलायचा धीरच नव्हता.

आपट्यांनी फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले. मला वाटलं, आता माझी बदली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चिंचवडहून सायकल हातात धरून चालत आले. कॅरिअरला सुतळीने बांधलेला हंडा, वर जुन्या धोतराचं पान टाकून झाकलेला. टेबलावर ठेवून म्हणाले, “वाचून घ्या.” त्या दिवसापासून मी आपट्यांना मनापासून मानायला लागलो.

* * *

आणि मग पुण्याहून तपासणीचे साहेब आले. देशमाने नाव, किरकोळ अंगाचे, बोलणं मोजकं. खोटी नावं घुसतात अशी वरपर्यंत कुणकुण गेली होती, म्हणून ते घरोघर जाऊन पाहणार होते. अडकलेले फॉर्मही त्याच फेरीत निकालात काढायचे होते. म्हणजे निवृत्तीचा फॉर्म आज एक तर पास, नाही तर कायमचा रद्द. तो मी गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला होता. त्याने काय होणार होतं, देव जाणे!

संध्याकाळी देशमाने, आपटे आणि मी सोनाबाईच्या दारात पोचलो. ती ओट्यावर बसून सुपातली डाळ बोटांनी चाचपत खडे काढत होती. शेजारची तरटाची पट्टी तिने आमच्याकडे सरकवली आणि आम्ही बसलो.

देशमान्यांनी विचारलं, “आजी, निवृत्ती तुमचा कोण?”

“पुतन्या.”

मी आपट्यांकडे पाहिलं. आपटे जमिनीकडे पाहत होते.

“त्याची आई?”

“धुरपा. गेली.”

“मग लहानपणी याला पाहिलं कुणी?”

“पाहायचं काय त्यात? माझी लेक सखू अंगावर पीत व्हती. एकाच्या जागी दोगं प्याली.”

देशमान्यांनी पेनचं टोपण लावलं. चुलती ती चुलतीच. काम संपलं होतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली आणि थोड्या वेळात गल्लीतून माणसांचा लोंढा यायला लागला. पन्नासेक तरी असतील. सगळ्यांचे एकसारखे खाकी कपडे, एकसारखे कारखान्याचे बूट, त्यात गप्पा आणि सायकलींच्या घंट्या.

सोनाबाईची बोटं डाळीत थांबली. तिने मान वर केली, डोळे मिटलेलेच, आणि गल्लीकडे तोंड करून ओरडली, “निवऱ्या! डाव्या पायाला काय झालं?”

गर्दीतून आवाज आला, “काय न्हाई!”

“हिकडं ये. बूट काढ.”

निवृत्ती आला. आम्हाला पाहून बिचकला, पण बूट काढला. अंगठा काळानिळा, नख उचकटलेलं. दुपारी पिंप घसरलं होतं. मुकादमाला सांगितलं नाही, दवाखान्यात आला नाही. सोबतच्या माणसांनाही पत्ता नव्हता. तसाच पाळी भरून चालत आला होता.

म्हातारीने पाय चाचपला आणि त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की आपटे दचकले. “फाटकाशी दवाखाना हाय न्हवं? कारड हाय न्हवं तुझं? मग का गेला न्हाईस, मुडद्या?”

निवृत्ती खाली मान घालून म्हणाला, “तुझं व्हईपतुर मी न्हाई जायाचा.”

“न्हाई जायाचा म्हनं!” तिने दुसरा धपाटा उगारला, पण तो घातला नाही. उठून भिंत धरत धरत हळद आणायला आत गेली.

देशमान्यांनी वाटेतलं डाळीचं सूप उचलून बाजूला ठेवलं. मग माझ्यापुढे हात करून म्हणाले, “फॉर्म द्या.” टोपण काढून त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली, कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि चालू लागले.

कचेरीत येऊन मी फॉर्म आपट्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग शिक्का उचलला आणि मारला.

आईच्या ओळीत दोन नावं होती. धुरपाबाई, मयत. सोनाबाई, हयात.

आणि पुराव्याच्या रकान्यात: समक्ष पाहिले.