पुढचं चाक, मागचा आकडा

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला नाशिकहून निघाले. सोमवारपर्यंत एकच गोष्ट ठरवायची होती: मोटरसायकल ठेवायची की विकायची.

गेल्या वर्षी पुढच्या टायरची हवा हळूहळू उतरली, मला कळलं नाही, आणि एका वळणावर गाडी हातातून गेली. उजवी कॉलरबोन मोडली, आत प्लेट बसवली. आठ महिने गाडी झाकून ठेवली होती. आमच्या ऑफिसातलं स्टोअर सांभाळणाऱ्या वाघांना ती हवी होती. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सोमवारी सांगते म्हणाले. खांद्याला लांबचा प्रवास आणि घाट झेपतो का, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं. म्हणून तोरणमाळ निवडलं. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या आसपास होतात, शेवटी चांगला घाट आहे आणि जानेवारीत ऊन सोसवतं.

निघण्याआधी दादाने, म्हणजे माझ्या भावाने, टायरची हवा मोजणारा बिनतारी संच बसवून दिला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: व्हॉल्व्हवरची साधी टोपी काढून तिच्या जागी सेन्सर असलेली टोपी बसवायची. हँडलवर छोटा डिस्प्ले असतो. त्यात वरची ओळ पुढच्या चाकाची, खालची मागच्या चाकाची. हवा ठरवलेल्या आकड्याखाली गेली की तो वाजतो. आमचा बाविसाला वाजणार होता. किल्ली बंद केली की डिस्प्लेही बंद होतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

धुळ्यापर्यंत महामार्ग आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. थंडीने बोटं आखडली. धुळ्यात पोहे खाल्ले, दोंडाईचाकडे वळले आणि तिथून ट्रकांच्या जागी उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. दुपारी सारंगखेड्याच्या अलीकडे खालची ओळ उतरू लागली. चोवीस, तेवीस, बावीस, आणि डिस्प्ले वाजला. उतरून पाहिलं तर मागच्या चाकात खिळा. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मला बरं वाटलं, आणि एवढ्याशा गोष्टीने बरं वाटलं याचा थोडा रागही आला.

पंक्चर काढायचं सामान माझ्याकडे होतं, पण ते बॅगेच्या तळाशी होतं आणि पंक्चरचं दुकान पन्नास पावलांवर. दुकानदार साठीच्या पुढचे. शेजारचा चहावाला त्यांना आबा म्हणत होता, म्हणून मीही म्हणाले. आबांनी दोन्ही टोप्या काढून हातात उलटसुलट केल्या.

"हाई काय शे?"

मी थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे गाडी सोताच सांगस, मन्ही हवा जाई ऱ्हायनी?"

"हो."

"आबा, तुमना धंदा बसना आते," चहावाला म्हणाला.

"खिळा काढाले ते आबाच लागस ना," आबा म्हणाले आणि दोन्ही टोप्या शर्टाच्या खिशात टाकल्या.

मी पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस भरायला सांगितलं. कंपनीच्या पुस्तकात तेच आहे. आबांनी मान हलवली. वर रस्ता खराब शे, दोन्हीमा तीस-तीस ऱ्हाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. इकडे तीच पद्धत दिसते. आकडा विचारत नाहीत, दोन्ही चाकांना सारखा न्याय. एरवी मी वाद घातला असता. पण अडीचशे किलोमीटर होत आले होते आणि मला तोंडावर पाणी मारायचं होतं. परत आले तर टोप्या लागलेल्या होत्या. किल्ली फिरवली. वर तीस, खाली तीस.

मुक्काम शहाद्यात. बस स्टँडजवळ आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खाल्ली. शेवभाजी तिखट लागेल हे माहीत असूनही मागवली आणि नंतर बराच वेळ ताक पीत बसले. खांदा दुखत होता, पण मोजण्याइतका नाही.

शनिवारी आठला निघाले. टाकी शहाद्यातच भरा. वर मला भरवशाचा पंप दिसला नाही. म्हसावदपर्यंत दोन्ही बाजूंना केळी आणि पपई. पुढे शेतांच्या कडेने बाभळीच्या फांद्या टाकून कुंपणं घातलेली, त्यातल्या काही रस्त्यावर आलेल्या. एका ट्रॉलीला जागा देताना मी त्यांच्यावरूनच गेले असणार.

राणीपूर मागे पडल्यावर खालची ओळ सव्वीस दाखवू लागली. मग चोवीस. वरची एकतीसवर शांत. मला लगेच वाटलं, आबांनी लावलेलं पंक्चर गळतंय. घाट सुरू होण्याआधी थांबले, किल्ली काढली, मागच्या चाकाची टोपी काढून पेनासारख्या गेजने हवा मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीस. पंक्चरच्या जागेवर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा नाही.

माझं शिक्षण मोजमापाच्या यंत्रांचं आहे. कामही तेच. दोन यंत्रं वेगळं बोलली तर साध्या यंत्रावर विश्वास ठेवायचा, हे मी दुसऱ्यांना शिकवते. गेज साधा, सेन्सर गुंतागुंतीचा. तेव्हा मागचा सेन्सर बिघडला, असा निष्कर्ष काढला. बाविसाला तो वाजला तेव्हा आवाज बंद केला आणि घाटाला लागले.

सात पायरी घाट सुंदर आहे असं सगळे लिहितात. असेल. मला प्रत्येक वळणावर हँडल ढकलावं लागत होतं. उजवा हात पुढे रेटायचा, मग गाडी नाइलाजाने वळायची. तिसऱ्या वळणानंतर प्लेटच्या जागी खुपायला लागलं. पाचव्यानंतर मी दरीकडे पाहणं सोडलं. रस्ता तितका वाईट नव्हता, वेगही नव्हता. म्हणजे खांदाच. आठ महिन्यांनीही ताकद आली नव्हती. एका वळणावर गाडी इतकी बाहेर गेली की समोरून येणाऱ्या जीपवाल्याने थांबून मला जाऊ दिलं. ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

वर तोरणमाळला ओळखीतून रेमतीबाईंच्या घरी राहायचं ठरलं होतं. जेवणासह पाचशे रुपये. रेमतीबाई चाळिशीच्या पावरा आदिवासी बाई आहेत. घरात पावरी बोलतात, माझ्याशी बाजारात शिकलेली मराठी. त्या सगळ्यांनाच तू म्हणतात, मलाही तूच. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. हेल्मेट काढायला माझा हात वर जाईना, तेव्हा त्यांनीच ते उपसून काढलं आणि डोकं कशाला एवढं बांधून ठेवतेस म्हणून विचारलं.

संध्याकाळी यशवंत तलावापर्यंत चालत गेले. तिथे फोनला रेंज येते. तलाव मोठा आहे, शांत आहे. मी काठावर बसून वाघांना मेसेज केला: गाडी देते. सोमवारी कागद आणते. त्यांचं हात जोडल्याचं चिन्ह लगेच आलं, पाठोपाठ एक फोटो. त्यांनी पत्नीसाठी निळं हेल्मेट घेऊन ठेवलं होतं. दादालाही कळवलं. त्याने बरं एवढंच लिहिलं. मला दुःख झालं असं म्हणता येणार नाही. मोजून झालं होतं, उत्तर आलं होतं. जेवून लवकर झोपले.

रविवारी लांबचा परतीचा रस्ता होता म्हणून सातलाच गाडी काढली. रेमतीबाईंनी पहाटेच अंगण शेणाने सारवलं होतं, ते मी पाहिलं नाही. हँडल वळवून गाडी ढकलत दारापर्यंत नेली आणि मागून हाक आली.

"अंगण वाळू तरी द्यायचं होतंस."

मी माफी मागितली. त्या खराटा घेऊन आल्या, पण झाडायच्या ऐवजी वाकून बघत राहिल्या.

"तुझं पुढचं चाक पाय पसरून चाललंय."

मी म्हणाले, पुढचं ठीक आहे. मागच्याचा सेन्सर बिघडलाय. पुढे एकतीस आहे.

"कुठे एकतीस?"

मी किल्ली फिरवून डिस्प्ले दाखवला.

"मी इथे बघते," त्या म्हणाल्या आणि जमिनीकडे बोट केलं.

मी गाडी वळवली होती तिथे दोन्ही चाकांच्या खुणा वेगळ्या झाल्या होत्या. मागच्याची मधली नक्षी स्वच्छ उमटली होती, कडा नव्हत्या. पुढचा टायर अरुंद असूनही त्याची खूण जवळजवळ तितकीच रुंद, दोन्ही कडांची नक्षी शेणात रुतलेली. रेमतीबाईंचा नवरा ऊसतोडीचा सीझन नसताना मोटरसायकलवरून माणसं आणि पोती घाटातून वर-खाली नेतो. त्याच्याकडे गेज नाही. सकाळी गाडी सारवलेल्या अंगणातून बाहेर काढतो, मागे वळून खूण बघतो आणि मग पंप मारायचा की नाही ते ठरवतो. अंगण खराब करतो म्हणून त्या रोज ओरडतात.

किल्ली चालूच होती. मी पुढच्या चाकाची टोपी काढली. डिस्प्लेवरची खालची ओळ, मागच्या चाकाची, शून्यावर गेली.

टोपी परत घट्ट केली. खालची ओळ पुन्हा वर आली.

प्रत्येक टोपीचा स्वतःचा क्रमांक असतो आणि डिस्प्ले तेवढाच ओळखतो. ती कुठल्या चाकावर बसली आहे, हे त्याला कळत नाही. आबांच्या एकाच खिशातून निघालेल्या दोन्ही टोप्या अदलाबदल होऊन लागल्या होत्या. दोन्ही चाकांत तीस-तीस हवा होती म्हणून आकडे सारखेच दिसले. पंचवीस-अठ्ठावीस असते तर तिथेच कळलं असतं. घाटाखाली मी किल्ली काढून मोजलं. किल्ली चालू असती तर मागची टोपी काढताच पुढचा आकडा पडला असता. सेन्सर कालपासून खरं सांगत होता. मी त्याचा आवाज बंद केला होता.

गेज लावला. पुढे सोळा. इतक्या कमी हवेवर कुठल्याही गाडीचं हँडल जड होतं, दोन्ही खांदे धड असणाऱ्यालाही. मी दुसऱ्यांदा त्याच प्रकारे पडण्याच्या किती जवळ होते, याचा हिशेब मी केला नाही.

टायरात बाभळीचा काटा होता. तो काढला, पट्टी भरली, त्यांच्या नवऱ्याच्या पायपंपाने पंचवीस हवा मारली. टोप्या अदलाबदल करून लावल्या. रेमतीबाईंनी शेणाची बादली माझ्यासमोर आणून ठेवली.

"आता हे तू सारव."

मी डाव्या हाताने सारवलं. त्यांनी बघून सांगितलं की नाशिकला सारवायला शिकवत नाहीत वाटतं, आणि मी सारवलेल्यावरून परत हात फिरवला.

घाट उतरताना हँडल हलकं होतं. वळणं आपोआप होत होती. खांदा शांत होता. आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त तलावाकाठी पाठवलेला मेसेज आठवत होता.

सारंगखेड्यात आबा होते. त्यांना सांगितलं. त्यांनी टोप्या डोळ्यांजवळ धरल्या. वरची इंग्रजी अक्षरं धुळीने भरली होती आणि तशीही ती मोहरीएवढी आहेत.

"मन्हा डोयाले दोन्ही सारख्याच दिसतस ताई. पण हवा ते बराबर भरी ना?"

बराबर भरली होती. ते खरं होतं. त्यांनी चहा मागवला, मी प्यायले. तुम्ही असा संच लावणार असाल तर कुठल्याही पंक्चरनंतर किल्ली चालू ठेवून एक टोपी सैल करा आणि कुठली ओळ पडते ते पाहा. एक मिनिट लागतं. संध्याकाळी सात वाजता मी नाशिकमध्ये होते, पाठ लाकडासारखी झालेली.

सोमवारी कागद न घेता वाघांकडे गेले. सगळं सांगितलं, आकड्यांसह. ते ऐकत होते.

"मॅडम, तुम्ही शब्द दिला होता."

मी म्हणाले, चुकीच्या मोजणीवर दिला होता.

"मोजणी चाकाची चुकली. शब्द तर तुमचाच होता ना?"

मी माफी मागितली, गाडी देत नाही म्हणाले. आता ते स्टोअरमधून सामान देताना माझी सही दोनदा तपासतात. निळ्या हेल्मेटचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पुढच्या रविवारी पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस भरून, टोप्या तपासून, त्र्यंबकच्या बाजूला एकटीच गेले. रस्ता चांगला, घाट नाही, हँडल हलकं. बेचाळिसाव्या किलोमीटरला खांदा दुखायला लागला. थांबले, गेजने दोन्ही चाकं मोजली. दोन्ही बरोबर होती. रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं बसले, मग वळून घरी आले. वहीत बेचाळीस लिहून ठेवलं. हा आकडा चाकाचा नाही, माझा आहे. आणखी चार रविवार मोजणार आहे. त्यानंतर जे ठरेल ते वाघांना आधी सांगेन.