शैलाताईंचा अर्धा तास

सिंगापूरच्या यिशुन भागात आठव्या मजल्यावर राहणाऱ्या शैलाताईंनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटल्याचा पुरावा उपलब्ध नव्हता. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं इतिहास शिकवला, तिथंही नापास पोराला त्या 'थोडक्यात हुकलं रे तुझं' असंच सांगायच्या. नवऱ्याला, म्हणजे विश्वासरावांना, जहाजावरची नोकरी सुटून इथल्या बंदरात किनाऱ्यावरची नोकरी लागली, तशा त्या सिंगापुरात आल्या.

इथं गणपतीपुरती एकत्र येणारी चाळीस मराठी घरं होती. त्यांच्या कार्यक्रमातला अर्धा तास शैलाताईंचा. मुलांचं नाटक. वर्षभर घरी सिंगापुरी इंग्रजीत 'डोंट वॉन्ट लाह' म्हणणारी कार्टी त्या अर्ध्या तासात स्वच्छ मराठी बोलायची आणि आया डोळे पुसायच्या. शैलाताईंना परदेशात स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

मग मधुवंतीबाई आल्या. पोहायचा तलाव असलेला कॉन्डो, नवरा मोठा मॅनेजर, बोलणं श्रीखंडासारखं. पहिल्या वर्षी म्हणाल्या, "मखर मी करू का?" शैलाताई म्हणाल्या, "करा की, विचारायचं काय त्यात." आता आपल्याकडे असं म्हटलं की समोरच्यानं 'छे छे, तुम्हीच करा' म्हणायचं, आपण आग्रह करायचा आणि शेवटी दोघींनी मिळून करायचं. मधुवंतीबाईंनी हा मधला भाग गाळला. पुढच्या वर्षी प्रसाद त्यांच्याकडे गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आरतीचं ताट. दर वेळी सगळे म्हणाले, "एवढंच ना? सणासुदीला वाद कशाला." विश्वासरावांचं धोरण तर समुद्राइतकं विशाल. "मंडळाचं राजकारण आपल्या दारापर्यंत येत नाही. आपण बरे, आपला टीव्ही बरा."

शहाण्णवच्या श्रावणातल्या एका शनिवारी शैलाताई गार्गीचा अभ्यास घेत होत्या. गार्गी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष प्रबोधराव यांची मुलगी, ओ-लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला, बसलेली.

"हिटलरनं ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घातलं. फ्रान्सनं काय केलं?"

"काही नाही."

"ऑस्ट्रिया घेतला तेव्हा?"

"सेम, आंटी. आणि अमेरिका बोलली, नॉट माय प्रॉब्लेम लाह."

"पेपरात असं लिहू नकोस. आयसोलेशनिझम लिही. मग म्युनिक?"

"चेंबरलेन कागद घेऊन घरी आला, सगळे हॅपी. सहा महिन्यांत प्राग गेलं." गार्गीनं पेन चावलं. "पण आंटी, देश चेक लोकांचा, आणि त्यांनाच मीटिंगला बोलावलं नाही? हाऊ कॅन?"

तेवढ्यात बेल वाजली. प्रबोधराव. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात कागद, तोंडभर हसू.

"मिटलं बघा सगळं, शैलाताई. मधुवंतीबाईंकडे जाऊन आलो. त्यांना फक्त नाटकाचा अर्धा तास हवाय, पैठणी शोसाठी. त्यापुढे त्यांची काही म्हणजे काही मागणी नाही. हे बघा, लिहून दिलंय."

गार्गीनं पुस्तकातल्या फोटोतल्या छत्रीवाल्या चेंबरलेनकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि तोंड पुस्तकात खुपसलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

"बाबा, तुम्ही आंटीला विचारलं?"

"अगं, त्या कधी नाही म्हणतात का?"

"नाही," शैलाताई म्हणाल्या.

"बघ, म्हटलं नव्हतं?"

"तसं नाही, प्रबोधराव. मी नाही म्हणतेय. नऊ मुलं दीड महिना पाठांतर करतायत. नाटक होईल, पाच वाजता."

प्रबोधराव सोफ्याच्या कडेवर टेकले. "अहो, मंडळ फुटेल. अर्ध्या तासासाठी?"

"मखर गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मखरासाठी भांडायचं? ताट गेलं तेव्हा, ताटासाठी? आता माझ्याकडे अर्धा तासच उरलाय. तेव्हा भांडायचं तर त्याच्याचसाठी भांडावं लागणार. चहा टाकू?"

चहा न घेताच प्रबोधराव गेले.

गणपतीत पाच वाजता हॉलमध्ये एका बाजूला सहा पैठण्या रांगेत उभ्या होत्या. शैलाताई नऊ मुलांना घेऊन स्टेजवर चढल्या. त्यांनी दोन मुलांचे हात घट्ट धरले, म्हणायला मुलांच्या धीरासाठी.

"शैलाताई, पाच मिनिटांत आटपता ना?" मधुवंतीबाईंनी गोड विचारलं.

"तीस मिनिटं लागतील. बसा ना, पुढच्या रांगेत जागा आहे."

मधुवंतीबाईंनी हसतच टेपवाल्याला खूण केली. हॉलभर सनई घुमली. चाळीस घरं आपापल्या चपलांकडे पाहू लागली. तेव्हा शेवटच्या रांगेतून विश्वासराव उठले, सावकाश चालत टेपपाशी गेले आणि प्लग उपसून मुठीत धरून उभे राहिले.

"काय हो, तुम्ही ह्यात पडत नाही ना?" कुणीतरी विचारलं.

"उशीर झाला खरा," ते म्हणाले.

नाटक सुरू झालं. दहाव्या मिनिटाला सरपंच झालेला सात वर्षांचा तन्मय वाक्य विसरला. विंगेतून मधुवंतीबाईंनी घड्याळावर बोट आपटलं. तन्मयनं घाबरून शैलाताईंकडे पाहिलं.

"आठव सावकाश," शैलाताई म्हणाल्या, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "वेळ आपला आहे."